बाहीतली गाठ

सिव्योने आधी दाराला कडी घातली आणि मग कफनाच्या डाव्या बाहीत आतून एक बारीक गाठ मारली. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच. बुखाऱ्याच्या यहुदी मोहल्ल्यात कफन म्हणजे मयताला घालायचा अंगरखा; तो शिवताना दोऱ्याला गाठ मारत नाहीत, नुसता धावदोरा घालतात. जाणाऱ्या जिवाला कुठे अडकायला नको. हे तिनेच कितीजणींना शिकवलं होतं. पण चोर पकडायचा तर सापळा लावायलाच हवा, असं तिने मनाला बजावलं.

चोर म्हणजे तोवो, याबद्दल तिला शंका नव्हती. सिनेगॉगच्या कारभाऱ्याची ही बायको, आणि कफनांच्या कपाटाची किल्ली हिच्याच कमरेला. गेले वर्षभर सिव्यो शिवून द्यायची एक आणि मयताच्या अंगावर दिसायचं दुसरंच. कापड तेच, टाके मात्र एका रेषेत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोळे अधू झाले म्हणून काय झालं, आपल्या हातचा टाका बाईला कळणार नाही? तोवो तोंडावर तिच्या शिवणाचं कौतुक करायची, तेव्हा तर संशय दुणावायचा. गोड बोलून आपल्या हातचं काम हिरावून घ्यायचं, दुसरं काय. आणि काम गेलं की न्यूयॉर्कचा मुलगा तिकीट पाठवायला टपलेलाच होता. इथे माझ्यावाचून मेलेल्यांचं अडतं, हे एकच उत्तर तिच्याकडे होतं. तेच खोटं ठरेल की काय, ही भीती तिला आतून खात होती.

बालमैत्रीण बुलोरला तिने हे सगळं सांगितलं होतं, फक्त गाठीचं सोडून. बुलोरने चहात नान बुडवत तिला वेड्यात काढलं, तुला तर देवाचाही संशय येतो म्हणाली. दोघी आयुष्यभर रोज भांडत आल्या होत्या, त्या दिवशीही भांडल्या.

मंगळवारी सिव्योने कफन तोवोकडे पोचतं केलं. शुक्रवारी काहीतरी निमित्त काढून ते परत मागायचं आणि बाही चाचपायची, असा बेत होता. गुरुवारी सकाळी बुलोर अंगणातल्या खाटेवर बसल्या बसल्या गेली.

सिव्यो धावतपळत न्हाणीच्या खोलीत पोचली, तेव्हा बायकांनी बुलोरला पाणी घालून झालं होतं आणि उशाशी तोवोने नेमकं तेच कफन उलगडून ठेवलं होतं. आपण आपल्या हाताने बुलोरची वाट अडवली. तिने बाही ओढून घेतली, आतून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. गाठ नव्हती. टाके एका रेषेत होते.

बाकीच्या बायका पाणी टाकायला बाहेर गेल्या तशी ती तोवोला म्हणाली, "यात मी गाठ मारली होती. तुला पकडायला. तूच उसवलीस ना?"

तोवोने ओले हात पुसले. "मला कुठे शिवता येतं, आपा? बुलोर आपा यायच्या दर बुधवारी, तुमचे टाके उसवून पुन्हा घालायला. काल गाठ बघून किती हसल्या. मला म्हणाल्या, तिला कळू देऊ नकोस. कळलं तर जाईल मुलाकडे निघून, मग मी भांडू कोणाशी?"

कफन चढवण्याआधी मयताचं नाव घेऊन त्याची माफी मागायचा रिवाज आहे. सिव्योने ती आजवर शेकडो जणींची मागितली होती, पण आज नावाच्या पुढे तिला बोलवेना. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

मुलाचा फोन आला तेव्हा तिने नेहमीचं उत्तर दिलं नाही. बघते, एवढंच म्हणाली.

पुढच्या बुधवारी दुपारी ती नवं कफन घेऊन तोवोच्या दारात उभी राहिली.

"मला टाका घालता येत नाही, आपा," तोवो पुन्हा म्हणाली.

"डोळे तर आहेत ना? कुठे वाकडं गेलंय ते दाखव. माझ्या तोंडावर दाखव."

तोवो घुटमळली. मग तिने पहिल्याच बाहीवर तीन ठिकाणी बोट ठेवलं. सिव्यो खाली बसली, कात्री मागून घेतली आणि मुकाट्याने उसवायला लागली.