आखूड मानेचा जिराफ

मी एक तक्ता आहे, आणि माझा अर्धा भाग चुकीचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी मला खोटारडा म्हणायला नको. माझ्या डाव्या बाजूला एका फ्रेंच पंडिताची जुनी कल्पना रंगवलेली आहे. जिराफ उंचावरच्या पाल्यासाठी मान ताणतो, ताणून ताणून ती लांबते आणि लांबलेली मान त्याच्या पोरांना आयती मिळते. उजव्या बाजूला एका इंग्रजाचं म्हणणं आहे. कळपात जन्मतःच कुणाची मान लांब, कुणाची आखूड. ज्याला पाला पुरतो तो जगतो, आणि त्याचीच पोरं वाढतात. दोघांची नावं माझ्या पायाशी लिहिली होती. वाळवीनं सगळ्यात आधी तीच खाल्ली.

रत्नागिरीपासून आत, घाटाच्या बाजूला असलेल्या एका गावात, गणपतीच्या शाळेत माझा जन्म झाला. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. या शाळेचे हेडमास्तर सदू मेस्त्री. हायस्कुलात विज्ञान शिकवणारे महेंद्र सर दिवाळीच्या सुट्टीत तक्त्यासाठी मांजरपाटाचं कापड आणि पुस्तकातलं बोटभर चित्र घेऊन त्यांच्याकडे आले.

सदू मेस्त्रींनी जन्मात जिराफ पाहिला नव्हता. तरी आठ दिवसांत त्यांनी डावीकडे तीन आणि उजवीकडे पाच जिराफ उभे केले. सर बघायला आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. उजवीकडचे पाचही जिराफ एकाच मापाचे!

"मेस्त्री, हे सगळे सारखे कसे?"

"एका आईची पोरां ती, मास्तर. सारखीच येणार. साच्यातला नग कमी-जास्त आला तर गिऱ्हाईक हात तरी लावील काय?"

सर हसले आणि पाटावर बसले. म्हणाले, "पूर्वी मोठेमोठे विद्वानही असंच समजत होते. एकेक जात साच्यातून काढलेली, पुढे कधी न बदलणारी. पण एका आईची पोरं तरी सारखी असतात का? त्या फरकातच सगळी गोम आहे."

"मग हा फरक कशान येतो? आयशीन काय केलान म्हणून?"

"छे हो. आईनं काही केलं म्हणून नाही. एका जर्मन पंडितानं वीसेक पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. पिल्लं आपली शेपटीसकटच जन्मत राहिली."

मेस्त्रींनी कुंचला पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आम्ही पण पिढ्यान्‌पिढ्या पोरांचे कान टोचतो. भोकासकट पोर काय कधी जन्मला नाय."

"बघा! त्याला एवढे उंदीर लागले, आणि तुम्ही बसल्याजागी सांगितलंत."

सर खूश होऊन गेले. मेस्त्री मात्र खूश नव्हते. त्यांची नजर पडवीतल्या पाळण्याकडे गेली होती.

पाळण्यात त्यांची नात होती, सानवी, चार महिन्यांची. तिच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच बोटं. तिची आई ज्ञानेश्वरी पोटुशी असताना, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी सूर्यग्रहण लागलं होतं. आणि त्या वेळी तिच्या हातात विळी पाहिली होती तिच्या सासूनं, जनीनं. मग काय! बारशापासून आल्यागेल्याला तेच ऐकायला लागायचं.

"गिराणात विळी धरलीन. आता भोगतंय कोण, तर ती पोर!"

ज्ञानेश्वरीचा नवरा दीपक मुंबईला नोकरीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. बोलणं ज्ञानेश्वरीनं सोसलंही असतं. पण जनीनं एक जास्तीचं केलं. सुनेला गणपतीच्या शाळेत पाऊल टाकायला बंदी घातली. "तिचे हात देवाला नको लागायला," म्हणाली.

मूर्तीचे डोळे आखणं ही शेवटची आणि सगळ्यात अवघड कामगिरी. केसभर रेघ चुकली तर देव रागावलेला दिसतो. मेस्त्रींनी ही विद्या मुलाला शिकवून पाहिली, त्याला जमली नाही. सुनेला जमली, आणि अशी जमली की तिनं आखलेले गणपती मागायला लोक तीन गावं ओलांडून येत. त्या वर्षी श्रावणात मात्र सगळे डोळे सासऱ्यानं एकट्यानं आखले, आणि ती मागच्या दारी धुणी धूत बसली.

रंगाऱ्याला चित्राशी बोलायची खोड असते. सर गेल्यावर मेस्त्री मला म्हणाले, "काय रे, तुला म्हणून सांगतो. गिराणाच्या दिवशी वासरू दाव्यात अडकून गळफासलेला. मी त्याची मान वर धरून होतो. मीच ओरडलो, विळी आण, काप दावा! तिनं कापलान. वासरू जगला. जनी आली तवा विळी तेवढी दिसली तिला."

मग घरात का नाही सांगितलंत, असं मला विचारायचं होतं. तक्त्याला तोंड कुठलं?

आधी त्यांनाही वाटलं होतं की पाप झालं, आणि ते आपल्यावर येईल म्हणून भ्याले. आता सरांच्या उंदरांवरून कळलं की पाप नव्हतंच. पण तोवर चार महिने गप्प बसून झालं होतं, आणि त्या गप्प बसण्याला कुठलाच पंडित माफी देणार नव्हता. त्यांनी उजवीकडच्या एका जिराफाची मान खरवडून आखूड केली, आणखी दोघांच्या कमी-जास्त केल्या. त्यांची हिंमत तेवढीच. मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो.

डोळे मात्र त्यांनी आखले नाहीत. सुनेला हाक मारली. जनी फणकारली, तर म्हणाले, "जनावरांचे डोळे ते. देवाचे नायत." ज्ञानेश्वरी आली. आठ जिराफांचे डोळे तिनं एका बैठकीत आखले. शेवटचा, आखूड मानेचा, झाल्यावर ती बराच वेळ कुंचला हातात धरून बसली. मग धुऊन जागेवर ठेवला आणि गेली.

पुढची दहा वर्षं मी हायस्कुलात मिरवलो. पोरांनी पट्टीनं माझ्या माना मोजल्या, एकानं जिराफाला मिशी काढली. मग वर्गात टीव्ही आला. मला गुंडाळून कपाटावर टाकलं, आणि वाळवीची चंगळ झाली.

या वर्षी सरांना माझी आठवण झाली, कारण ऐन उत्क्रांतीच्या धड्याला टीव्ही बंद पडला. मला उलगडलं. नावं गेली होती आणि आखूड मानेच्या जिराफाचा डोळाही गेला होता. सर पहिल्या बाकाकडे वळले. "सानवी, आजोबांकडे घेऊन जा. डोळा भरून आण."

होय, तीच सानवी. दहावीत आहे. डावा हात ओढणीखाली ठेवायची सवय तिला कुणी शिकवली नाही, घरातलं बोलणं ऐकून लागली.

दुपारी तिनं मला पडवीत पसरलं. मेस्त्री आता सत्तरीपुढचे. कुंचला उचलला, तर टोक डोळ्याच्या जागी टेकेना. दोनदा रंग सांडला. मग त्यांनी कुंचला ज्ञानेश्वरीपुढे धरला.

"तू आख."

"नको, मामा," ती सासऱ्याला म्हणाली.

जनी दारातून ओरडली, "मुद्दाम कशाला करायला सांगताय तिला? एकदा विळी धरलीन ती पुरे नाय झाली?"

सानवीचा हात ओढणीखाली गेला. म्हाताऱ्याला तो दिसला. आणि सोळा वर्षं अडलेलं बोलणं तोंडातून पडलं.

"विळी मी आणायला लावली. वासराचा दावा कापायला. तिनं नको म्हटलान, मी खेकसलो. आणि त्यानं काय झाला पण नाय. पोरी, तुझा हात कुणामुळं झाला नाय. मीच गप ऱ्हायलो."

जनी उंबऱ्यातच बसली. सानवीनं आईकडे पाहिलं. "आई, तू का नाही बोललीस?"

"मामा सांगतील म्हणून वाट बघत होते," ज्ञानेश्वरी म्हणाली. "माझं कोण ऐकणार होतं?"

मेस्त्रींनी हात जोडले. तिनं त्या हातांकडे बघितलंच नाही. कुंचला घेऊन ती माझ्यावर वाकली. वाळवीनं खाल्लेली कड उचलत होती, ती सानवीनं दोन बोटांनी घट्ट दाबून धरली. तो हात तिनं ओढणीबाहेर कधी काढला, ते तिलाही कळलं नसेल.

त्या आठ जिराफांनंतर तिनं कुंचला धरलाच नव्हता. रेघ वाकडी आली. पाहिजे होती त्याहून जाड, खाली ओघळलेली. फ्रेंच पंडिताची गोष्ट पुढच्या पिढीपुरती खोटी ठरली. पण न वापरलेलं अंग कमजोर होतं, हे त्याचं बोलणं एका जन्मापुरतं खरं आहे. ज्ञानेश्वरीनं ती रेघ पाहिली आणि कुंचला न धुताच उठून मागच्या दारी गेली. ती रडत होती. मेस्त्री उठायला गेले, तर सानवी म्हणाली, "आबा, तुम्ही बसा." आणि आईमागे गेली.

आता मी पुन्हा वर्गात आहे, घरचं सानवीच्या तोंडून कळतं. ज्ञानेश्वरी सासऱ्याशी कामापुरतंच बोलते. जनी आल्यागेल्याला विळीचं सांगायची थांबली आहे. श्रावणाला अजून अवकाश आहे. ती गणपतीच्या शाळेत जाईल की नाही, मला ठाऊक नाही, आणि जायला कुणी तिला भाग पाडू नये.

तुमच्या ओळखीत कुणाला वेगळं मूल झालं, तर त्या आईला ग्रहणाचं विचारू नका. आणि विळी कुणी मागितली होती हे तुम्हाला माहीत असेल, तर सोळा वर्षं थांबू नका. माझ्यासाठी एवढंच करा, सगळ्यात आखूड मानेच्या जिराफाचा तो वाकडा डोळा कुणी सुधारू नका.