दहा बोटं

“दाबा, बाई. अजून जरा. अहो, काच काही फुटत नाही!”

तिने दाबलं. पडद्यावर पुन्हा तोच राखाडी डाग, रेषा एकही नाही. सरहद्दीवरच्या या चौकीत एकोणीस वर्षं मी ठसे घेतोय. पलीकडून जीव मुठीत धरून आलेल्या माणसाची दहा बोटं माझ्या मशीनवर उमटली, तरच त्याचा आश्रयाचा अर्ज पुढे सरकतो. तीन खेपांत उमटली नाहीत, तर ‘मुद्दाम घासून काढली’ असं लिहायचं आणि परत पाठवायचं. नियम मी केलेला नाही. हे वाक्य बायकोला इतक्यांदा ऐकवलंय, की हल्ली ती नुसती भांडी आपटते.

या बाईची ही दुसरी खेप. परत गेली तर दीर जिवंत ठेवणार नाही, एवढं पहिल्या दिवशीच तिने सांगून टाकलं होतं. ते ऐकून घ्यायचं टेबल माझं नव्हे.

“तिकडे काय करायचात?”

“भट्टीवर विटा उचलायचे.”

“मग इथे हात आणखी कसे सोलले?”

“इथे संडास धुते. सगळ्या बराकीचे. कोणी सांगितलं नाही हं, मीच मागून घेतलं.”

“कशाला ही नसती उठाठेव?”

“साहेब येता-जाता बघतात ना. बाई कामाची आहे, फुकटखाऊ नाही, एवढं दिसलं की ठेवून घेतील.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “काम करू नका! आठ दिवस पाण्यात हात घालू नका. बसा, लोळा, कातडी आपोआप भरून येते!” ती हसायला लागली. लोळा असं तिला जन्मात कोणी सांगितलं नसावं. माझ्या खणातली मलमाची ट्यूब मी तिच्या हातात कोंबली.

आठ दिवसांनी, तिसऱ्या खेपेला, चौकीचे साहेब स्वतः माझ्या शेजारी उभे राहिले. तिने दहाही बोटं ऐटीत पुढे केली. लालबुंद होती.

“लोळले हो आठ दिवस,” ती म्हणाली. “मलमही लावलं. आज मशीनपुढे यायचं म्हणून तेवढे हात सकाळी फरशीच्या पावडरने घासघासून धुतले. स्वच्छ आहेत ना?”

राखाडी डाग.

“साहेब, आणखी आठ दिवस दिले तर...”

“तीन खेपा झाल्या. लिहा. घासलेत हे तर तीच सांगतेय.”

मी लिहिलं. वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, पण डब्याची वेळ झाली होती आणि भूक लागली होती, एवढंच.

परत पाठवण्याच्या कागदावर त्या माणसाचा अंगठा लागतो. मी शाईचं पॅड सरकवलं. तिने अंगठा बुडवला आणि मी शिकवलं होतं तसा जोर लावून दाबला. नुसता काळा ठिपका उमटला. साहेबांनी वाकून पाहिलं.

“चालेल,” ते म्हणाले आणि निघून गेले.

तिचा चेहरा खुलला. “या वेळी आला ना ठसा?” तिने मला विचारलं.

मी “हो” म्हणालो आणि अंगठा पुसायला तिला फडकं दिलं. तिने आधी माझं टेबल पुसलं.