धुराचा रंग

चिमीने फावड्याच्या पाठीने ओला चिखल चापटून कोळशाच्या भट्टीच्या कुशीत पडलेली भेग बुजवली, आणि कंबरेवर हात ठेवून ताठ व्हायला गेली, तोच पलीकडून आवाज आला.

"चिमे, कसा आहे?"

सकाळपासून ही अकरावी वेळ. एकसष्ट वर्षांच्या बाईला चिमी म्हणणारा माणूस जगात आता एकच उरला होता, तिचा थोरला भाऊ. तो भट्टीपासून दहा पावलांवर ओंडक्यावर बसला होता, धुराकडे तोंड करून. धूर काही तिच्या एकटीच्या मालकीचा नव्हता. दोघांच्या डोळ्यांदेखत वर जात होता.

"समोर तर आहे तुझ्या," ती म्हणाली.

"तुला विचारतोय."

"पांढरा. कडेला जरा पिवळट."

"जरा म्हणजे किती?"

"आता काय वाटीने मोजून देऊ?"

दादा हसला नाही. "नीट बघत जा. बघायचं कमी आणि बोलायचंच फार तुझं."

चिमीने फावडं चिखलात खुपसलं. फावड्याऐवजी दुसरं काही हातात असतं तर तेही खुपसलं असतं.

चार दिवसांपूर्वी ही लाकडांची रास तिने एकटीने रचली होती. मधोमध खुंट रोवायचा, त्याच्याभोवती हातभर लांबीचे तुकडे उभे लावत जायचे, जाड आत, बारीक बाहेर, बोट शिरेल एवढीही फट ठेवायची नाही. वरून पाला, पाल्यावर माती. मग खुंट उपसून त्या पोकळीत निखारे सोडायचे. लाकूड जळू द्यायचं नाही, नुसतं आतल्या आत भाजू द्यायचं, आणि त्यासाठी पायथ्याच्या भोकांतून श्वासापुरतीच हवा द्यायची. आधी लाकडातलं पाणी जातं, तेव्हा धूर पांढरा आणि जड असतो. पुढे तो पिवळट होतो, आंबूस वासाचा, घशात बसणारा. आणि शेवटी निळा, इतका विरळ की पलीकडचं झाड दिसावं. निळा झाला की भोकं बंद. घाई केली तर आत अर्धकच्चं लाकूड राहतं, आणि उशीर केला तर तयार झालेला कोळसाच पेट घेतो.

दोघं लहान होती तेव्हा या उतारावर अशा नऊ भट्ट्या धुमसायच्या. इस्त्रीवाले, सोनार, खाणावळवाले, सगळ्यांना कोळसा लागायचा. चित्रकलेचे मास्तर बारीक काड्यांचा कोळसा वेगळा भाजून मागायचे. आई उरलेली चूर कुटून, वस्त्रगाळ करून डबीत भरायची, आणि सकाळी सगळं घर काळ्या तोंडाने दात घासत अंगणात उभं असायचं. पाण्याच्या मडक्यातसुद्धा वाळूखाली कोळशाचा थर असे. त्या दिवसांत दादाची नजर म्हणजे घारीची. ओढ्यापलीकडे कोणाच्या भट्टीत हवा शिरली ते तो इथे बसून सांगायचा, आणि वडील कौतुकाने मान हलवायचे. चिमीला कोणी विचारत नसे. ती लाकडं वाहायची.

नवरा गेल्यावर ती भावाकडे परतली आणि पुन्हा लाकडंच वाहू लागली, त्याला पस्तीस वर्षं झाली. एकेक गिऱ्हाईक गळालं. राहिला एक लोहार. विळे, कोयते, सुतारांच्या पटाशा करणारा. दगडी कोळशावर पोलादाला हवी तशी धार येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पण गेल्या महिन्यात भट्टी फोडली तर निम्मी राख निघाली. लोहाराने त्या राखेत काठी फिरवून बघितली.

"मामा, आणखी एकदा असं झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल. माझी कामं खोळंबतात."

तेव्हा दादाने काय म्हणावं?

"चिमीने रचताना फटी ठेवल्या."

चिमीने! फटी! त्या दिवसापासून तिने त्याच्या चहात साखर घालणं बंद केलं होतं. त्याने महिनाभर तो तसाच प्यायला, तक्रार न करता, आणि तिचा तो सूडही वाया गेला.

ऊन डोक्यावर आलं. चिमी पायथ्याच्या भोकांपाशी एकेक करत वाकून आली. वास बदलला होता, आंबूसपणा गेला होता. तिने मान वर केली. शेंड्याचा धूर विरळ होत होता, आणि खोपटाच्या गडद दारासमोरून जाताना तो स्वच्छ निळा दिसत होता. आता सांगायलाच हवं होतं. तिने तोंड उघडलं.

"चिमे, कसा आहे?"

बारावी वेळ. त्या बाराव्या वेळेने घात केला. हा बघतोय, याला सगळं दिसतंय, आणि तरी शाळेतल्या पोरीसारखी माझी परीक्षा घेतोय.

"पांढरा," ती म्हणाली. "दाट पांढरा आहे."

आता तो उसळून उठेल, आंधळी झालीस का म्हणून ओरडेल. मग ती म्हणणार होती, दिसतंय ना तुला, मग सकाळपासून माझा जीव का खातोयस? वाक्य अगदी जिभेवर तयार होतं.

"मग मी काय म्हणत होतो?" दादा म्हणाला. "चांगला दाट दिसतोय. अजून अर्धा दिवस हात लावायचा नाही."

चिमीने पुन्हा धुराकडे पाहिलं. मग दादाकडे. ती हळूच चार पावलं पुढे गेली, त्याच्या समोर उभी राहिली, आणि लहानपणी दाखवायची तशी तिने जीभ बाहेर काढली, पुरती, हनुवटीपर्यंत. तेव्हा त्याने तिला ढेकूळ फेकून मारलं असतं. आता तो तसाच बसून राहिला. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

"गप्प का झालीस?"

तिने जीभ आत घेतली. फावड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

म्हणजे फटी नव्हत्याच. गेल्या खेपेला धूर न दिसल्याने भोकं बंद करायची वेळ यानेच चुकवली होती. महिनाभर ती मनातल्या मनात एकेक ओंडका पुन्हा रचून बघत होती. या खेपेला दोनदा रचलेलं मोडून तिसऱ्यांदा रचलं होतं, खांदा निखळायची वेळ आली होती. आणि हा! सांगायला काय झालं होतं? जळू दे हीसुद्धा. राख निघू दे. मग लोहारासमोर उभं करून विचारते, सांग आता फटी कोणी ठेवल्या ते.

ती हलली नाही. धूर आणखी विरळ झाला.

वाटेवर मोटारसायकल फटफटली. लोहार गाडीवरून उतरायच्या आधीच ओरडला.

"अहो मावशी! निळा झालाय की! भोकं अजून उघडी कशी?"

दादा झटक्यात उभा राहिला. अंधारात जिना उतरताना एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसा त्याचा चेहरा झाला. त्याने धुराकडे पाहिलं नाही. मघाशी चिमीचा आवाज जिथून आला होता, त्या बाजूला तोंड वळवलं, आणि तो वाट बघत राहिला.

चिमी भट्टीशी पोचलीसुद्धा होती. गुडघे टेकून तिने पहिल्या भोकात मूठभर चिखल कोंबला.

"हा केव्हाचा ओरडतोय बंद कर म्हणून," ती लोहाराला म्हणाली. "मीच रेंगाळले. कंबर कुठे साथ देतेय आता! नुसता उभा काय राहिलास? त्या बाजूची भोकं बुजव."

लोहाराने बाह्या वर केल्या आणि तो पलीकडे जाऊन बसला. "मामांचं ऐकत जा हो मावशी. थोडक्यात वाचलं."

दुसरं भोक बंद झालं, तिसरं झालं. मग दादाने घसा खाकरला.

"मला हल्ली धूर सोसत नाही," तो लोहाराच्या दिशेने म्हणाला. "यापुढे भट्टीचं काय असेल ते तिलाच विचारत जा."

"मावशींना?"

"मग काय मोटारसायकलला?"

चिमीने मान वर केली नाही. तिने चिखल मुठीत दाबला. तो भुरभुरला.

"चिखल कोरडा पडलाय, दादा. पाणी आण."

तिने त्याला असं काम कधी सांगितलं नव्हतं. तो दोन पावलं चालला आणि थांबला.

"डाव्या हाताला आहे बादली," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"दिसतेय मला," दादा खेकसला, आणि डावा हात पुढे धरून हळूहळू खाली वाकला.