भिंगामागचा डोळा

अंगठ्याएवढे शरीर, आत दोन काचा आणि त्यांच्यावर फिरून बसणारे पितळी कवच, एवढाच माझा संसार. मित्रांनो, बारीक वस्तू दहा पट मोठी करून दाखवणारे भिंग म्हणून मी एका कारखान्यात आलो. तेथे मोजमापाची उपकरणे तपासणाऱ्या एका बाईंच्या हाती मी सत्तावीस वर्षे राहिलो. निवृत्त होताना त्यांनी मला रीतसर मागून घेतले आणि समुद्राकाठच्या आपल्या घरी आणले. शिवणकाम करणारी त्यांची भाची सोबत राहत असे. ती त्यांना मावशी म्हणे, म्हणून मीही तेच म्हणतो.

बागेला कण्हेरीचे कुंपण होते. तेथे दिवसा उडणारे रंगीत पतंग फुलपाखरांत बेमालूम मिसळत. कोणाच्या काळ्या पंखांवर निळी झाक, तर कोणाच्या अंगावर गांधीलमाशीसारखे पट्टे. रंगावर जाणारा हमखास फसे. मावशी मिशा पाहत. किडा काचेच्या नळीत अलगद घ्यायचा आणि मला उजव्या डोळ्याशी धरायचे. मिशीच्या टोकाला गाठ असली तर बहुधा फुलपाखरू. मिशी पिसासारखी किंवा टोकाकडे निमुळती असली तर पतंग. वहीत नोंद झाली की किडा सोडून देत. “भिंगासारखा साक्षीदार नाही,” असे त्या म्हणत, तेव्हा मी पितळेसकट फुलून जाई.

परंतु भिंगातून दोन्हीकडे दिसते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. मावशी किडा पाहत, तेव्हा मी मावशींचा डोळा पाहत असे. उन्हात माणसाची बाहुली आकसते. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी लख्ख ऊन असूनही ती आकसली नाही. पुढच्या आठवड्यात बुबुळावर वाफ धरल्यासारखी झाक आली, दुपारी ओसरली आणि पुन्हा आली. त्याच सुमारास वहीतले पतंग कमी होऊ लागले. मावशींना प्रत्येक मिशीच्या टोकाशी फुगीर गाठ दिसू लागली होती.

“भिंग धूसर झालंय,” मावशी कपाळ चोळत म्हणाल्या.

“परवाच तर पुसलंस. बिचाऱ्याची ही तिसरी आंघोळ,” भाची म्हणाली.

“माप चुकलं की आधी हत्यार तपासायचं. आयुष्यभर हेच केलंय मी.”

“आणि तपासणाऱ्याला कोण तपासणार?”

“तपासणाऱ्याला वेळेवर चहा द्यायचा. ऊठ.”

अखेर मला चष्मेवाल्याकडे नेण्यात आले. त्याने मला उघडून, पुसून, दिव्यासमोर धरून पाहिले. “बाई, काच निर्दोष आहे. तुमचे डोळे बघू का जरा?”

“डोळे आणलेले नाहीत तुमच्याकडे. भिंग आणलंय,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी नवे भिंग विकत घेतले.

मी ड्रॉवरमध्ये पडलो. अपमानापेक्षा भय मोठे होते, कारण मी जे पाहिले होते ते वाढतच असणार. आठ दिवसांनी मावशींनी मला बाहेर काढले. नव्या भिंगातूनही त्यांना गाठीच दिसत होत्या. दोन उपकरणे सारखे दाखवतात, म्हणजे माप बरोबर, असा त्यांच्या धंद्याचा नियम. त्या निर्धास्त झाल्या. वही पुन्हा ठाम अक्षरांत भरू लागली आणि त्यांची बाहुली उन्हात तशीच उघडी राहू लागली. असे नऊ महिने गेले.

एके दिवशी भाचीने निळ्या झाकेचा एक जीव नळीत धरून आणला.

“गाठ आहे. फुलपाखरू,” मावशी म्हणाल्या.

भाचीने मला डोळ्याशी धरले. “मावशी, हे पीस आहे. सुईत दोरा ओवायचे डोळे आहेत माझे.”

“दोन्ही भिंगांतून गाठच दिसते.”

“मग भिंग राहू दे. डोळा बदल.”

मावशींनी नळी परत हातात घेतली. मग त्यांनी मला डाव्या डोळ्याशी नेले. “पीस आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. नंतर डावा डोळा तळहाताने झाकून त्यांनी बागेकडे पाहिले.

“कुंपण कुठं गेलं गं?”

कुंपण सात पावलांवर होते.

डॉक्टरांनी सांगितले की डोळ्यातला दाब वाढून नस सुकली आहे. उजव्या डोळ्याचे गेले ते परत येणार नाही. डाव्यालाही तोच धोका आहे. थेंब एक दिवसही चुकता कामा नयेत.

घरी आल्यावर मावशींनी नऊ महिन्यांची पाने उलटली आणि प्रत्येक पानावर लाल शाईने लिहिले: ‘दोष निरीक्षकाचा. भिंग निर्दोष.’ असा गौरव कोणत्याही भिंगाच्या वाट्याला न येवो. आता भाची पाहून सांगते आणि मावशी लिहितात. भाची बाहेरगावी असेल, त्या दिवसाचा रकाना त्या कोरा ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी पुन्हा पुन्हा चष्मा पुसत असेल, तर त्यांच्या हाती दुसरे फडके देऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. मला सारे दिसत होते. बोलण्याची सोय मात्र माझ्या घडणीत नव्हती. तुमच्या घडणीत ती आहे.