दान्सोची तिसरी फिल्म

माझ्या पोटात दिव्याच्या दोन नळ्या आहेत, मित्रांनो, आणि त्यांतली डावी आता मरायला टेकली आहे. बटण दाबलं की ती आधी चारदा डोळे मिचकावते आणि मग कशीबशी पेटते. मी एक जुनी पेटी आहे, कुमासी शहरातल्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया विभागाच्या भिंतीवर बावीस वर्षं टांगलेली. माझ्या पांढऱ्या काचेवर एक्स-रे नाहीतर स्कॅनची फिल्म लावायची, मागून मी उजेड द्यायचा आणि डॉक्टरांनी माणसाच्या आतलं पाहायचं, एवढंच माझं काम.

मला बसवलं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! नर्सबाई रोज ओल्या फडक्याने पुसायच्या. पुढे कॉम्प्युटर आले आणि माझ्या वाट्याला फक्त बाहेरून फिल्म काढून आणणारे रुग्ण उरले. धूळवारा सुटला की माझ्यावर बोटभर धूळ साचते. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दान्सोचं.

दान्सो ढोल वाजवायचा. त्याच्या कुळात मोठं माणूस गेलं की पूर्वजांची नावं एकामागून एक बोलक्या ढोलावर, बोलल्यासारखी वाजवून, घ्यावी लागतात, आणि ती त्याच्याखेरीज कुणालाच येत नव्हती. त्याच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ डॉक्टर अन्सा यांनी कापून काढली होती. पण पहिली फिल्म लागली आणि दिसलं की रोग पुढे सरकलाय. यकृतावर तीन डाग, उजव्या फुप्फुसात एक.

"डॉक्टरबाई, पोट उघडलंत तेव्हा आत माझा ढोल सापडला का हो?" दान्सोने विचारलं.

"ढोल नाही सापडला. जीभ मात्र पार खालपर्यंत पोचलेली दिसली," डॉक्टर म्हणाल्या.

चार महिने औषधं चालली. दुसऱ्या फिल्मवर ते डाग आक्रसलेले होते. डॉक्टरांनी माझ्या काचेवर बोट ठेवलं. "यकृताचा एवढा भाग आता कापून काढता येतो. तो भरून आला की फुप्फुसातला डाग काढू. पण पुढच्या गुरुवारीच. आत्ता थांबलो तर हे पुन्हा डोकं वर काढतील."

त्याची बायको सेरवा हो म्हणणार, तोच दान्सोचे मामा बोलले. त्यांच्यात माणूस आईच्या कुळाचा, आणि कुळात शब्द मामांचा.

"गुरुवारी कसं जमेल? शनिवारी थोरल्या मामांचा अंत्यविधी आहे. तीन महिने झाले, खाली तुमच्याच शवागारात पडून आहेत. लंडनहून माणसं यायचीत. ढोल कोण वाजवणार? तुमच्या नर्सबाई?"

"मामा, थोरले मामा गारठ्यात आहेत, ते अजून थांबतील," सेरवा म्हणाली. "यांचं यकृत थांबायचं नाही."

"तू दुसऱ्या कुळाची. तुला आमच्या मेलेल्यांचं काय?"

दान्सो माझ्याकडे पाहत होता. आक्रसलेले डाग त्याला दिसत होते आणि तिथेच घात झाला. रोग पळायला लागला, असं त्याला वाटलं.

"बाई, वजन वाढलंय माझं. फुफूचे गोळे मागून मागून खातो. ढोल वाजवतो आणि आलोच की!"

मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही, मित्रांनो. मी नुसता उजेड देऊ शकते.

पुढचं सेरवाने नर्सबाईंना सांगितलेलं मी ऐकलं. लंडनच्या माणसांना तिकिटं मिळाली नाहीत म्हणून अंत्यविधी तीन आठवडे पुढे गेला. मग गावचा प्रमुखच वारला, आणि त्याचं होईपर्यंत गावातले बाकी सगळे अंत्यविधी बंद झाले. दर वेळी मामा म्हणायचे, एवढं उरकू दे. उरकायला चार महिने लागले.

तिसरी फिल्म लागली. माझी डावी नळी मिचकावत राहिली. ती पेटूच नये, असं मला आयुष्यात प्रथमच वाटलं. पेटली. यकृतात मोजता येणार नाहीत इतके डाग होते. दोन्ही फुप्फुसं भरली होती.

"आता कापता येणार नाही," डॉक्टर अन्सा हळूच म्हणाल्या. "सगळं काढलं तर मागे काही उरणारच नाही."

मग दान्सो म्हणाला, "मामा, थोरल्या मामांचं नीट झालं ना?"

"झालं रे. एक नाव चुकलं नाहीस."

"मग माझ्या वेळी कोण वाजवेल?"

मामा अंगावरच्या सुतकाच्या काळ्या वस्त्राचं टोक चाचपत राहिले. सेरवा भिंतीकडे तोंड करून रडत होती, अगदी माझ्या शेजारी.

सहा आठवड्यांनी दान्सो गेला. सगळ्यांच्या सोयीचा शनिवार मिळेपर्यंत तो अकरा आठवडे खाली शवागारात होता. त्याच्या अंत्यविधीला कुणाला नावं आली नाहीत, म्हणून ढोल वाजलेच नाहीत. सेरवाने ती तिसरी फिल्म परत आणून माझ्यावर लावली. म्हणाली, "घरात नको मला ही." अजून ती तशीच आहे.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, माझी नळी नाही बदललीत तरी चालेल. पण माझ्यासमोर उभं राहून डॉक्टरांनी तुमच्या माणसाला दिवस सांगितला, तर तो दिवस पाळा. खाली शवागारात आजही तिघं आहेत. त्यांतल्या कुणालाच घाई नाही.