तळाशी ठेवलेला घोट

मित्रांनो, माझं झाकण दोऱ्यानं बांधलेलं आहे म्हणून हसू नका. मी दूरच्या, चहा पिकवणाऱ्या यीवूच्या डोंगरातली एक जुनी चहादाणी आहे. च्येनश्वे गावच्या एका कुंभारानं मला लाल मातीतून घडवलं आणि दगडानं घासून घासून चकचकीत केलं. आतून मात्र मी कोरी मातीच आहे. माझ्यात जे ओताल ते थोडं थोडं मी पिते, आणि विसरत नाही.

रुइयिंग लग्न होऊन आली ती मला घेऊन. चाळीस वर्षं तिनं माझ्यात पुअर, म्हणजे वर्षानुवर्षं मुरवलेला चहा, सोडून दुसरा चहा केला नाही. आधी ती उकळत्या पाण्यानं मला आतून-बाहेरून शेकायची. मग पानं दाबून केलेल्या चहाच्या चकतीत कडेनं टोच्या सरकवून पानं पदरापदरानं सोडवायची, चुरा होऊ द्यायची नाही. पहिलं पाणी लगेच फेकून द्यायची. "इतकी वर्षं झोपलीत बिचारी, तोंड तरी धुऊ देत," म्हणायची. पुन्हा खळखळतं पाणी, दहा आकडे मोजायचे आणि ओतायचं. पण सगळं नाही. तळाशी दोन-तीन घोट ठेवून त्यावरच ती पुढचं पाणी घालायची.

तिचा नवरा पाओशान चहाच्या उंच झाडांवर चढून पानं खुडायचा. घरी आला की पेला पुढे करून कुरकुरायचा.

"अगं, ओत की पुरता! चहादाणीला पाजतेस काय?"

"मिळतोय तो गप प्या. आयता मिळतोय म्हणून नखरे सुचतात."

मग ती मला कोरड्या फडक्यानं पुसायची आणि पुसता पुसता थोपटायची. ते थोपटणं मला फार आवडायचं.

एका हिवाळ्यात रुइयिंग गेली. पाओशाननं माझ्यात भोपळ्याच्या बिया भरल्या आणि मला फळीवर ठेवून दिलं. तीन वर्षं मला गरम पाणी लागलं नाही. चुलीचा आवाज आला की वाटायचं, आता कुणीतरी हात पुढे करील. कुणी केला नाही. मित्रांनो, मी रडले असते, पण त्यालाही आत थोडं पाणी लागतं.

चौथ्या वसंतात थडगी झाडायचा सण जवळ आला. पाओशानच्या मनानं घेतलं, की या वर्षी तिला तिच्याच हातच्या चकतीचा चहा न्यायचा. लेक मेइशियू शहरात गेली त्या वर्षी रुइयिंगनं दगडाखाली दाबून केलेली एकच चकती घरात उरली होती. पण त्यानं जन्मात चहा केला नव्हता! त्यानं चकतीवर कोयता घातला, निम्म्या पानांचा भुगा केला. माझ्यातल्या बिया उपसून पानं टाकली, थर्मासमधलं कोमट पाणी ओतलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेला. परत येऊन घोट घेतला आणि अंगणात थुंकला.

"हे तिच्यापुढे नेलं तर उठून बसेल आणि मला हाकलून देईल," तो मलाच म्हणाला.

शेजारणीला विचारून तो पहिलं पाणी फेकायला शिकला, आकडे मोजायला शिकला. चहा सुधारला, पण तिचा होईना. दर वेळी तो मला थेंबाथेंबापर्यंत पालथी करायचा. काय चुकतंय ते मला कळत होतं. मी आतून ओरडत होते आणि बाहेर नुसती वाफ येत होती. चकती रोज लहान होत गेली.

सणाच्या सकाळी मेइशियू आली, तेव्हा एकाच वेळचा चहा उरला होता.

"तूच कर बाई. माझ्या हातून हाही वाया जाईल," तो म्हणाला.

तिनं मला शेकलं, पानं धुतली, चहा केला आणि ओतता ओतता हात थांबवला.

"अगं, ओत की पुरता!"

"बाबा, तळाशी चहाचं मूळ नको का ठेवायला? आई ठेवायचीच की. नाहीतर पुढचा चहा पाणचट होतो." तिनं माझ्यात पुन्हा पाणी घातलं आणि त्याचा पेला भरला.

पाओशाननं घोट घेतला. हाच तिचा चहा होता.

"मला वाटायचं, माझ्या पेल्यातच ती हात आखडता घेते," तो म्हणाला. "चाळीस वर्षं वाटायचं. एकदा विचारलंसुद्धा नाही गं मी."

मला सदऱ्यात गुंडाळून, पोटाशी धरून त्यानं डोंगरावर नेलं. थडग्यापुढचा पेला त्यानं काठोकाठ भरला आणि मला पालथी न करता सरळ धरून घरी आणलं.

लेक शहरात परतली, ती चकती संपली. आता तो शेजारणीकडच्या पानांचा चहा करतो, एकटाच पितो आणि तळाशी दोन-तीन घोट ठेवतो. मला पुसतोही, पण थोपटणं काही त्याला माहीत नाही.

मित्रांनो, मला साबण लावू नका, माझ्यात बिया भरू नका. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरी ज्या हातांचा चहा तुम्हाला गोड लागतो, ते हात आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसा आणि विचारून घ्या. आम्हा भांड्यांना सगळं ठाऊक असतं, पण नंतर तुम्ही आम्हाला कितीही विचारलंत तरी आम्हाला सांगता येत नाही.