बनाक्का मागं राहिली

"सम्राट, गाडी थांबीव! बनाक्का मागं राहिलीया की रं!"

मीनाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की सम्राटनं कचकन ब्रेक दाबला. गगनबावड्याच्या चहाच्या टपरीपासून ट्रॅक्स नुकती कुठं हलली होती. सून सोनमनं सासूच्या हातावर हात ठेवला. मागच्या बाकड्यावर बसलेले दादासो, बनाक्काचे मालक, मान खाली घालून टोपी चाचपत राहिले. बनाक्काला जाऊन सव्वा वर्ष होऊन गेलं होतं.

"आत्ती, पाणी देऊ?" सोनम हळूच म्हणाली.

"नको. जरा वाऱ्याला उतरतो," म्हणत मीनाबाई खाली उतरल्या आणि कठड्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. दरीतून धुकं वर येत होतं. त्यांनी मुद्दामच टपरीकडं पाठ केली. मघाशी तिथल्या फळकुटावर त्यांना बनाक्का दिसली होती. एक पाय दुमडून बसलेली, बशीतल्या चहावर फुंकर घालणारी.

मीनाबाई कागलला अंगणवाडीत मदतनीस. ब्याण्णव सालच्या वैशाख पौर्णिमेला विहारात दोघींची गाठ पडली. दादासो बिद्रीच्या कारखान्यात कामाला, तिथनं ही मंडळी आलेली. त्रिसरण संपतंय न संपतंय, तोच शेजारची अनोळखी बाई कानाशी लागून म्हणाली, "बाई, पांढरं लुगडं नेसून या म्हनत्यात. तुझं तर चहात बुडिवल्यागत दिसतंय!" भन्तेजींसमोर मीनाबाईंना हसू आवरेना.

तेव्हापासून दोन घरांची सहल एकत्र. कधी पन्हाळा, कधी राधानगरीचं धरण. आजऱ्याला एका लग्नाला गेल्या, तर भलत्याच मांडवात शिरून, पोटभर जेवून, नवरीच्या हातात आहेर देऊन आल्या. चूक कळल्यावर बनाक्का म्हणाली, "असूं दे की. नवरी ग्वाड हुती."

आणि नागपूरची ती गंमत तर सगळ्या वस्तीला पाठ होती. दीक्षाभूमीच्या गर्दीत चुकामूक झाली. मीनाबाई रडकुंडीला येऊन तिला शोधताहेत, तेवढ्यात कर्ण्यावरनं आवाज आला, 'कागलच्या मीनाबाई हरवल्या आहेत. त्यांनी मंडपाजवळ यावं.' धापा टाकत तिथं गेल्या, तर बनाक्का निवांत संत्रं सोलत बसलेली.

"मी कुटं हरवलो गं? हरवलीस तू!"

"मी हितंच हुतो. चुकलीस ती तूच," असं म्हणून तिनं निम्मं संत्रं पुढं केलं होतं.

ही बनाक्का एके दिवशी दुपारी मेथी निवडता निवडता कलंडली ती कायमचीच.

महिनाभरानं मीनाबाईंना पहिल्यांदा तिचा आवाज आला, विहारातच. सगळ्यांचं वंदन संपलं तरी कुणीतरी एकटंच मागं रेंगाळत 'गच्छामि' म्हणालं. मग बाजारात, एसटीत, अंगणवाडीच्या दारात. सांगायचं कुणाला? पूर्वी चिंचेच्या झाडाखालनं जायला मीनाबाई घाबरायच्या, तेव्हा हीच बनाक्का खेकसली होती, "बाबासाहेबांनी एवढं करून ठेवलं, आन् तू चिंचंला भितीस? भूतबीत काय नसतंय. मेलं की संपलं." तिलाच आता भूत म्हणायचं? बाहेर कळलं तर लोक हसतील याची मीनाबाईंना भीती नव्हती. बनाक्काचा विश्वास आपणच मोडतोय, याची लाज वाटत होती. रात्र रात्र डोळा लागत नव्हता.

पाठीमागं चपला वाजल्या. दादासो येऊन शेजारी उभे राहिले.

"दाजी, माझं चुकलं," मीनाबाई म्हणाल्या. "त्वांडातनं निघून गेलं."

"कुटं बसलीवती?"

मीनाबाईंनी चमकून त्यांच्याकडं बघितलं. थट्टा नव्हती. म्हातारा डोळे बारीक करून टपरीकडं बघत होता.

"फळकुटावर. बशीतनं चहा पीत."

"व्हय. कपानं कवा प्याली न्हाय." दादासोंनी कठड्यावर हात टेकले. "घरात रोज आवाज येतोय मला. न्हानीत तांब्या आपटतीया, माझ्या नावानं करवादतीया. पोरास्नी सांगितलं तर दवाखान्यात नेतील. म्हनून गप ऱ्हातो. मीनाबाई, मला कसली आलीया सहल? ती येतीया का बघाय आलतो."

"तुमास्नी दिसली?"

"न्हाय. तुमास्नी दिसली न्हवं? झालं की."

"पर दाजी, आपल्या धम्मात हे बसत न्हाय."

"न्हाय बसत," दादासो म्हणाले. "तिला बी आवडलं नसतं. शिव्या घातल्या असत्या दोघास्नी."

मीनाबाईंना एकदम हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावावा लागला. दादासोंनी तोंड दरीकडं फिरवलं.

गाडी घाट उतरून मालवणला पोचली तेव्हा ऊन कललं होतं. सोनमच्या पोरांनी वाळूत धूम ठोकली. दादासोंनी चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि हळूहळू पाण्यात शिरले. गुडघाभर पाण्यात थांबले. एक हात त्यांनी जरासा मागं धरला होता, बोटं उघडी. मोठी लाट आली तशी ती बोटं मिटली.

"आत्ती, मामा असं काय करायल्यात?" सोनमनं विचारलं.

"काय न्हाय," मीनाबाई म्हणाल्या आणि तिला खांद्याला धरून दुसरीकडं वळवलं. "चल, तिकडं होड्या आल्यात, मासं बघूया."